आजीआजोबांनी वाचून दाखवलेलं: वाचकांचे प्रश्न

लहानपणी आजीने किंवा आजोबांनी वाचून दाखवलेलं काय आठवतं, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं आली, आणि आठवणींबरोबर प्रश्नही आले. कॅसेट सापडली आहे, पुस्तकाचं नाव आठवत नाही, अंकाची पानं सुटली आहेत, आजोबांना आता दिसत नाही. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं ध्वनिमुद्रण, ग्रंथालय आणि पुस्तकबांधणी या कामांतल्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: आजोबांनी १९८६च्या सुमारास माझ्यासाठी 'श्यामची आई' वाचून कॅसेटवर टेप करून ठेवलं होतं. दुपारी ते ऐकत मी झोपायचे. माळ्यावर चार कॅसेट सापडल्या, वर काहीच लिहिलेलं नाही. आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच गेला. आवाज परत मिळेल का? (वाचक, सोलापूर)

मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण कुणाचा तरी जुना टेप आणून लगेच कॅसेट लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेली फीत पहिल्याच वेळी अडकते, चुरगळते आणि मग तेवढा भाग कायमचा जातो.

आधी कॅसेटच्या मागच्या कडेला दोन्ही टोकांना असलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर नवं काही टेप होत नाही. मग उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेवर पांढुरकी भुकटी किंवा धाग्यांसारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट घरी वाजवू नका. ती टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून बाकीच्या तिन्ही कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत घालून जुन्या ध्वनिफिती साफ करणाऱ्याकडेच द्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी, कोकणातल्या आणि मुंबईतल्या कॅसेटना जास्त.

आता कॅसेटच्या उघड्या तोंडाशी, मधोमध, फितीच्या मागे बघा. तिथे तांबूस पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो. फीत हेडला टेकवून धरणं हे त्याचं काम. गोंद वाळून तो पडलेला असतो आणि मग आवाज दबका, दूर गेल्यासारखा येतो. लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच पुसट झालं. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर ती उघडून दोन्ही रिळं फितीसकट दुसऱ्या चांगल्या कवचात ठेवता येतात. फितीला बोट लावू नका, रिळं धरूनच उचला आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे फीत कुठल्या चाकावरून गेली होती ते कळेल. स्क्रू नसलेलं, चिकटवून बंद केलेलं कवच मात्र कडेच्या शिवणीत पातं घालून फोडावं लागतं. ते जमणाऱ्याकडेच न्या.

फीत ढिली असेल तर षट्कोनी पेन्सिल भोकात घालून हलकेच ताणून घ्या. मग न वाजवता ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. एकमेकींना चिकटलेले थर सुटतात आणि गुंडाळी सारखी बसते.

टेपरेकॉर्डर कुठला घ्यायचा, यात लोक फसतात. बाजारात यूएसबी लावलेले स्वस्त कॅसेटप्लेअर मिळतात. त्यांचा वेग हलतो, आवाज लहरत येतो. त्यापेक्षा ओळखीत कुणाकडे चालू स्थितीतला जुना मोठा डेक असेल तर तो मागा. पट्टा नवीन बसवून घ्या, कारण जुना रबरी पट्टा ताणलेलाच असतो. हेड आणि त्याशेजारची धातूची बारीक दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रबरी चाक मात्र ओल्या फडक्याने, कारण अल्कोहोलने रबर कडक होतं.

लावल्यावर पहिली दोन मिनिटं आजोबांच्या 'स' आणि 'श'कडे कान द्या. ते बोथट येत असतील तर ज्या यंत्रावर टेप झालं त्याच्या हेडचा कोन आणि या हेडचा कोन जुळत नाही. हेडच्या बाजूला एक छोटा, बहुधा स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना बारीक पेचकसाने तो थोडा थोडा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, इकडेतिकडे फिरवा. 'श्याम' शब्दातला 'श' धारदार ऐकू आला की थांबा. हा एक स्क्रू जेवढा फरक पाडतो तेवढा संगणकावरचा कुठलाच उपाय पाडत नाही.

आवाज संगणकात घ्यायला डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर काढा आणि ती 'लाइन इन' असलेल्या छोट्या यूएसबी साउंड कार्डात घाला. लॅपटॉपचं गोल भोक माइकसाठी असतं. त्यात ही वायर घातली की आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या आणि वेव्ह फाइल म्हणून जतन करा. साठ मिनिटांची कॅसेट स्टिरिओत सुमारे १ जीबी जागा घेते. ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपीथ्री काढा. ती १२८ केबीपीएसला तासाला साठेक एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा.

मूळ फाइलवर 'नॉइज रिडक्शन' चालवू नका. खरखर जाते, पण तिच्याबरोबर श्वास जातो, पान उलटल्याचा आवाज जातो, आणि 'स' पाण्यात बुडाल्यासारखा होतो. मागे कुकरची शिट्टी असेल, आजीने काही विचारलं असेल, तर तेही तुमच्याच घराचं आहे. साफसफाई करायचीच तर प्रतीवर करा.

आजोबांचा आवाज आठवतो त्यापेक्षा बारीक आणि घाईचा वाटला तर टेप करताना बहुधा सेल उतरले होते. फीत हळू फिरली, आता योग्य वेगाने वाजते म्हणून आवाज चढतो. त्याला 'चेंज स्पीड' वापरा, 'चेंज टेम्पो' नको. टेम्पोने नुसती गती बदलते, पट्टी तशीच राहते. टेपरेकॉर्डर विजेवर लावला असेल तर मागे बारीक घूं ऐकू येते. ती घूं ५० हर्ट्झवर आणली की वेग बरोबर बसला.

कॅसेटचा क्रम लावायला पुस्तकच मदत करेल. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात ४२ रात्री आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असा आकडा आहे. आजोबांनी तो वाचला असेल तर क्रम लगेच लागेल, नसेल तर पहिल्या दोन वाक्यांवरून पुस्तकात शोधा. कुठल्या मिनिटाला कुठली रात्र आणि मागे कुणाचा आवाज, अशी यादी फाइलबरोबर ठेवा. मागचे आवाज ओळखणारी माणसं आज आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. फाइलच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि कॅसेट टाकू नका. उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

प्रश्न: आजोबा मला मोठ्या आकाराचं, जाड कागदाचं रंगीत पुस्तक वाचून दाखवायचे. बर्फ, जंगल, अस्वल, एक म्हातारी. मुलीचं नाव 'ठमी' होतं असं पक्कं आठवतं. साल १९८०च्या आसपास. कुठेच सापडत नाही. (वाचक, ठाणे)

'ठमी'ला आधी बाजूला ठेवा. वाचून दाखवणारे आजीआजोबा नावं सर्रास बदलतात. परकं नाव मुलाच्या तोंडी बसत नाही म्हणून ठमी, बंडू किंवा नातवाचंच नाव घालतात. त्यामुळे पात्राच्या नावावरून शोध जवळजवळ नेहमी फसतो. घटनेवरून शोधा.

तुमचं वर्णन सोव्हिएत पुस्तकांशी जुळतं. मॉस्कोहून मराठीत छापून आलेली मुलांची पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रभर पोचली होती. कागद चांगला, चित्रं पानभर आणि किंमत अगदी कमी, म्हणून निवृत्त माणसालाही ती परवडत. काळ ठरवायला प्रकाशकाचं नाव उपयोगी पडतं. 'रादुगा' असेल तर पुस्तक १९८२ किंवा नंतरचं, कारण ती संस्था मॉस्कोच्याच 'प्रगती' प्रकाशनापासून तेव्हा वेगळी झाली. तुमचं साल बरोबर असेल तर 'प्रगती'ची पुस्तकं आधी बघा. १९९१मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि ही आवक थांबली. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली, गर्रकन वळणारी झोपडी आठवते का? आठवत असेल तर म्हातारी म्हणजे बाबा यागा आणि तुम्ही रशियन लोककथांचा संग्रह शोधताय.

हे जुळलं नाही तर मुळात पुस्तक होतं की मासिक, हा विचार करा. पुष्कळांना आठवणारं 'जाड पुस्तक' म्हणजे वर्षभराच्या अंकांचं घरी बांधून घेतलेलं बाड असतं. पाठीवर वेताळ आणि हातात तलवार घेतलेला राजा आठवला तर ते मद्रासहून निघणारं 'चांदोबा'. त्याची तेलुगू-तमिळ सुरुवात जुलै १९४७ची, मराठी अंक १९५२पासूनचे. बालभारतीचं 'किशोर' १९७१चं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत चाळता येतात, म्हणून सुरुवात तिथून करणं सोपं. आजोबांच्याच बालपणीचं काही असेल तर वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६मध्ये सुरू केलेलं 'आनंद'ही बघावं लागेल.

शोध सुरू करण्याआधी, भावंडांना विचारण्याआधी, तुम्हाला आठवतं ते लिहून काढा. पाहिलेलं वेगळं लिहा: आकार, मुखपृष्ठाचा रंग, चित्र पानाच्या वर होतं की खाली, फाटलेला कोपरा. ऐकलेलं वेगळं. एकदा दुसऱ्याची आठवण ऐकली की आपली कुठली आणि त्याची कुठली ते सांगता येत नाही. पाहिलेल्या गोष्टी जास्त भरवशाच्या असतात, कारण ऐकलेल्या गोष्टीत आजोबांनी मीठमसाला घातलेला असतो.

ग्रंथालयात 'जुनं मुलांचं पुस्तक' असं सांगितलंत तर ग्रंथपाल काहीच करू शकत नाही. वर्षांचा टप्पा सांगा, आणि तो मोठा धरा. १९८०मध्ये वाचून दाखवलेलं पुस्तक तुमच्या वडिलांच्या लहानपणचं, म्हणजे १९५०चंही असू शकतं. तुमच्या गावातच १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. पुस्तक १९५०पूर्वीचं वाटत असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा आहे. नोंदी विषयवार आहेत, त्यामुळे नाव माहीत नसतानाही बालवाङ्मयाची पानं ओळीने वाचता येतात. याला एक दुपार लागते, पण डोळ्यांसमोरून नाव गेलं की ओळख पटते.

सापडलेली प्रत 'ती नाही' असं वाटलं तरी लगेच परत करू नका. पुढच्या आवृत्त्यांमध्ये चित्रं बदलतात, मजकूर बहुधा तोच राहतो. मधलं एखादं पान मोठ्याने वाचून बघा.

प्रश्न: आजीचं १९४८ सालचं गोष्टींचं पुस्तक मी मुलाला वाचून दाखवते. 'कांहीं', 'तिनें', 'गांवांत' असं छापलं आहे. मी अडखळते आणि मुलगा स्वतः वाचतो तेव्हा 'गाम्व' म्हणतो. नीट कसं वाचायचं? (वाचक, इचलकरंजी)

हे अनुस्वार उच्चारायचे नसतात. ते व्याकरण किंवा शब्दाचं मूळ दाखवण्यासाठी लिहिले जात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते गेले. त्या वेळी चौदा नियम ठरले, १९७२मध्ये चारांची भर पडली. त्याआधी छापलेलं बहुतेक सगळं तुम्हाला असंच दिसेल.

शब्दाच्या शेवटी 'एं' दिसला की तो बोलण्यातल्यासारखा 'अं' वाचा. 'तिनें सांगितलें' हे 'तिनं सांगितलं'. एवढं एक केलंत तरी निम्मी अडखळ जाते आणि गोष्ट कानाला आजची वाटते. 'कांहीं, नाहीं, पांच, नांव, गांव' यांतला टिंब डोळ्यांनी बघून सोडून द्या. 'मुलांना', 'झाडांवर' यांतला अनुस्वार अनेकवचनाचा आहे. तो आजही आहे, तसाच राहू द्या. 'आंबा', 'चिंच' यांत तर तो उच्चारायचाच. कोकणातल्या काही घरांत आजी हे शब्द खरंच नाकातून म्हणत असे, कारण तिथल्या बोलीत ते उच्चार जिवंत आहेत. तुमच्या आजीचं तसं असेल तर तिच्यासारखंच वाचा.

मुलासाठी पुस्तकावर पेनने खुणा करू नका. पानांची झेरॉक्स काढून तिच्यावर नको ते टिंब खोडायला त्यालाच सांगा. दोन-तीन गोष्टींत त्याला ते जमतं.

मापं आणि नाणी वाचतानाच सांगून टाका, वेगळा धडा नको. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. चाळीस शेरांचा मण. 'दोन आण्याचे चणे' म्हणजे किती, हे मुलं हमखास विचारतात, आणि आठ जणांत एक रुपया सारखा वाटला तर प्रत्येकाला किती, एवढं सांगितलं की त्यांना पुरतं.

प्रश्न: आजोबांनी जमवलेले 'किशोर'चे अंक आहेत. पिना गंजल्या, मधली पानं सुटली, काहींना कसर लागली आहे. मुलांच्या हातात देता येतील असे करता येतील का? (वाचक, जळगाव)

कसर लागलेले अंक आधी वेगळे काढा. प्रत्येक अंक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर गार कागदावर दव धरतं आणि कसरीऐवजी बुरशी येते. डांबराच्या गोळ्या मुलांच्या पुस्तकांत नकोत.

गंजकी पिन ओढू नका, कागद तिथेच फाटतो. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे वळलेले पाय बोथट सुरीने उभे करा आणि मग बाहेरून, पाठीच्या बाजूने, पिन उचला. गंजाचा चुरा मऊ ब्रशने झाडा. पाणी लावू नका.

शिवायला तीन भोकं पुरतात: एक मधोमध, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून साधारण चार सेंटिमीटरवर. जुन्या पिनेची भोकं चांगली असतील तर तीच वापरा, गंजाने खाल्ली असतील तर अर्धा सेंटिमीटर सरकून नवी पाडा. पानं नीट जुळवून, अंक अर्धवट उघडा ठेवून, घडीवर आतून बाहेर दाभण टोचा. दोरा पाठीच्या उंचीच्या अडीच पट, जाड सुती, मेणावरून ओढलेला. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा आणि दोऱ्याचं वीतभर टोक आत ठेवा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर जा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि मधून एक लांब टाका गेला आहे. त्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक घेऊन, दोरा घडीच्या दिशेने ताणून, दुहेरी गाठ मारा. दोरा पानाशी काटकोनात ओढलात तर तो सुरीसारखा कागद कापतो. जुन्या अंकांत सगळ्यांत जास्त नुकसान या ओढण्यातच होतं.

फाटलेल्या कडांना सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत ती सुटून येते, पण तिचा पिवळा चिकट डाग कागदात कायमचा मुरतो. पातळ, लांब तंतूंचा जपानी टिश्यू कागद कलासाहित्याच्या दुकानात मिळतो. त्याची पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. खळ घरी करा. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत सतत ढवळा, गार करून गाळा. बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तर घालू नका. खळ रोज ताजी करा. पट्टी लावल्यावर वर-खाली बटर पेपर ठेवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. बटर पेपर विसरलात तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली मिळतील.

प्रश्न: सासरे ७६ वर्षांचे आहेत. नातीला मांडीवर घेऊन वाचायला त्यांना फार आवडतं, पण दहा मिनिटांत अक्षरं पुसट होतात आणि घसा बसतो. चष्मा तर नवीन आहे. (वाचक, लातूर)

चष्मा बरोबर असेल, अंतर चुकतं आहे. जवळचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढतात. नात मांडीवर बसली की तिचं डोकं मध्ये येतं आणि पुस्तक ५५-६० सेंटिमीटरवर जातं. नातीला शेजारी बसवा. मांडीच हवी असेल तर त्या अंतरासाठी वाचायचा वेगळा चष्मा करून घ्या. दुकानात जाताना टेपने अंतर मोजून न्या. दुहेरी काचेच्या चष्म्यात खालच्या भागातून वाचायला हनुवटी उचलावी लागते, मान आखडते. नऊ-दहा वॅटचा एलईडी दिवा खांद्यामागून पानावर पडेल असा लावा. गुळगुळीत पान चमकत असेल तर पुस्तक किंचित तिरपं धरा. लहान आकाराची पानं १४१ टक्के मोठी झेरॉक्स केली की ए-फाइव्हचं पान ए-फोरवर बरोबर बसतं. हे सगळं करूनही पुसट दिसत असेल, दिव्याभोवती कडं दिसत असेल, तर मोतीबिंदू तपासून घ्या.

घशासाठी दर दोन पानांनी कोमट पाण्याचा घोट. नात झोपत आली म्हणून कुजबुजत वाचू नये. कुजबुजण्याने घशावर ताण जास्त येतो. नेहमीच्याच आवाजात, हळू वाचावं. राक्षसाचा घोगरा आवाज एका गोष्टीत एकदाच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: सासूबाई श्रावणात 'शिवलीलामृत' वाचायच्या आणि मुलं शेजारी बसून ऐकायची. त्या गेल्यावर मी वाचते, पण मुलगी म्हणते, "आजीसारखं होत नाही." (वाचक, वाई)

बहुतेक वेळा फरक आवाजात नसतो, श्वास कुठे घेतला यात असतो. ओवीला चार चरण. पहिल्या तीनांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. 'ॐ नमोजी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥' ही 'ज्ञानेश्वरी'ची पहिली ओवी मोठ्याने म्हणून बघा. 'आद्या, पाद्या, वेद्या' यांवर सूर टांगलेला राहतो आणि 'आत्मरूपा'वर खाली येतो. श्वास त्या दोन दंडांपाशी. 'शिवलीलामृत' लिहिणाऱ्या श्रीधरांची ओवी याहून बरीच लांब आहे, म्हणून नवीन वाचणारा मध्येच, अर्थ तुटेल तिथे श्वास घेतो. आधीच्या संध्याकाळी पेन्सिलने श्वासाच्या जागा ठरवून ठेवा, यमकाच्या शब्दापाशी. एकाच पट्टीत, घाई न करता वाचा. पोथी सुट्या पानांची असेल तर पान उचलून पलीकडे ठेवताना जो क्षण जातो तोही आजीच्या चालीत होता. तो बोलून भरू नका. जुन्या पोथीत शब्द सलग छापलेले असतात. तुम्हाला ते जड जात असेल तर शब्द सुटे असलेली आवृत्ती समोर ठेवा. सासूबाईंची पोथी चौरंगावर राहू द्या.

प्रश्न: आईला वाचता येत नाही. नातू पुस्तक घेऊन तिच्याकडे जातो आणि ती संकोचते. शिवाय ती वऱ्हाडीत बोलते. शाळेत त्याचं मराठी बिघडेल का? (वाचक, अकोला)

बिघडणार नाही. घरची बोली आणि पुस्तकातली भाषा या दोन्ही मुलं सांभाळतात, आणि कुठे कुठली वापरायची हे त्यांना आपोआप कळतं. आईला मजकूर नसलेलं किंवा पानागणिक एकच मोठं चित्र असलेलं पुस्तक द्या. चित्र बघून ती तिच्या वऱ्हाडीत सांगेल. बाजार, शेत, जनावरं, स्वयंपाक अशा तिच्या माहितीच्या चित्रांनी सुरुवात करा, कारण तिथे सांगणारी तीच असते. टुणूक टुणूक जाणाऱ्या भोपळ्यासारख्या, एकच ओळ पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी सर्वांत सोप्या. ती ओळ नातवाने म्हणायची, बाकीचं आजीने. तो वाचायला शिकला की त्याने तिला वाचून दाखवावं, आणि अडेल तिथे 'मंग काय झालं?' एवढंच तिने विचारावं.

प्रश्न: नातू सहा वर्षांचा, न्यू जर्सीत. व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवतो, पण पाच मिनिटांत तो उठून जातो. (वाचक, पुणे)

पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून वाचत असाल तर त्याला ना चित्र नीट दिसतं ना तुमचा चेहरा. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत त्याच्याकडे पाठवा. तुम्ही तुमच्या प्रतीतून वाचा, पानं त्याने त्याच्या प्रतीत उलटायची. तुम्ही पान क्रमांक म्हणायचा, त्याने 'झालं' म्हणायचं. हाताला काम असलं की मूल बसतं.

आवाज पोचायला सेकंदभर उशीर होतो. दोघांनी एकदम बोललं की दोघांचंही तुटतं. म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजून थांबा. 'एका सुरात म्हणू या' हा खेळ कॉलवर जमत नाही, आळीपाळीने म्हणा. हेडफोन तुम्ही लावा, त्याला नको.

वेळ मात्र त्याच्या झोपेची धरा. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत पहाटेचे साडेपाच, हिवाळी वेळेत साडेसहा. घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात आधी फोन करून खात्री करा. रोज जमत नसेल तर आठवड्यातले दोन वार ठरवा आणि ते पाळा. सहा वर्षांच्या मुलासाठी बारा मिनिटं पुष्कळ झाली. गोष्ट अर्धी राहिली तर राहू द्या, पान क्रमांक त्याला लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तो आधी पान उघडेल आणि मग फोन उचलेल.